शिल्लक आणि उलाढाल: समुद्रतळाच्या गाळातील गंधक

समुद्राच्या तळाशी जो मृत जैविक पदार्थ पडत राहतो, म्हणजे प्लवकांच्या पेशी, प्राण्यांची विष्ठा, नद्यांनी वाहून आणलेला पालापाचोळा, तो प्राणवायूच्या मदतीने कुजतो असा आपला सर्वसाधारण समज असतो. किनाऱ्याजवळच्या गाळाबाबत हा समज अर्धाच खरा आहे. तिथे प्राणवायू गाळात जेमतेम काही मिलिमीटर खोल पोचतो आणि वरच्या थरातले जीवाणू तो संपवून टाकतात. त्याखाली नायट्रेट, मँगनीज आणि लोह यांची संयुगे थोडीफार कामी येतात, पण मोठा भार उचलते ते सल्फेट. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे 28 मिलिमोल सल्फेट असते. विरघळलेला प्राणवायू त्याच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास. शिवाय जैविक पदार्थ जाळण्याच्या कामात सल्फेटचा एक रेणू प्राणवायूच्या दोन रेणूंची बरोबरी करतो. बो बार्कर योर्गेनसन या डॅनिश शास्त्रज्ञाने 1982 मध्ये दाखवून दिले की, किनारी गाळात कुजणाऱ्या एकूण जैविक कार्बनपैकी जवळपास निम्मा कार्बन सल्फेटवर जगणारे जीवाणू मोकळा करतात. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अंदाजानुसार समुद्रतळावर दरवर्षी सुमारे 11.3 लाख कोटी मोल सल्फेटचे क्षपण होते. गंधकाच्या वजनात सांगायचे तर हे 36 कोटी टन झाले. या क्रियेतून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. कोकणातल्या खाडीचा चिखल थोडा उकरला की खाली काळा थर लागतो आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. काळेपणा लोहाच्या सल्फाइडचा आणि वास या वायूचा.

पुढचा प्रश्न असा की, एवढा सल्फाइड जातो कुठे? तो तसाच साठत गेला असता तर समुद्रतळावर कोणताही प्राणी तगला नसता. प्रत्यक्षात त्यातला बहुतेक सल्फाइड गाळातच पुन्हा ऑक्सिडीकृत होतो. लोह, मँगनीज, नायट्रेट आणि अगदी वर प्राणवायू यांच्याशी गाठ पडताच तो मूलद्रव्यी गंधक, थायोसल्फेट अशा मधल्या टप्प्यांतून जात शेवटी परत सल्फेट होतो. साधारण नव्वद टक्के सल्फाइडची वाट ही असते. उरलेला दहा टक्क्यांच्या आसपासचा हिस्सा लोहाशी कायमचा बांधला जाऊन पायराइट या खनिजाच्या रूपाने गाडला जातो. म्हणजे गंधकाचा एकच अणू गाडला जाण्याआधी सल्फेट आणि सल्फाइड यांच्यात अनेकदा फिरलेला असू शकतो. रासायनिक विश्लेषणात मात्र हे फिरणे दिसत नाही. गाळातल्या पाण्यात सल्फेट किती आणि सल्फाइड किती, एवढेच ते सांगते. बँकेतल्या खात्यावर अखेरची शिल्लक पाहून वर्षभरात किती जमा आणि किती खर्च झाला हे कळत नाही, तसेच हे आहे. या प्रकरणाचा मुद्दा असा की, गाळातील गंधकाची शिल्लक रसायनशास्त्र सांगते, पण त्याची उलाढाल समजून घ्यायची तर समस्थानिकांना पर्याय नाही. आणि तरीही समस्थानिकांचा एकच एक आकडा पुरावा म्हणून पुढे करणे धोक्याचे आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, ते पुढे पाहू.

उलाढाल मोजण्याचा सरळ मार्ग म्हणजे गंधक-35 हा किरणोत्सारी समस्थानिक. त्याचे अर्धायुष्य सुमारे 87 दिवसांचे आहे. गाळाचा नळकांड्याच्या आकाराचा नमुना जसाच्या तसा वर आणतात, त्यात गंधक-35 असलेल्या सल्फेटचे अत्यल्प थेंब सुईने टोचतात, नमुना समुद्रतळाच्या तापमानाला काही तास ठेवतात आणि मग झिंक ॲसिटेटमध्ये बुडवून जीवाणूंचे काम थांबवतात. त्यानंतर आम्ल आणि क्रोमियमच्या द्रावणाने सगळे सल्फाइड वायुरूपात बाहेर काढून त्यात किरणोत्सार किती आला हे मोजले की क्षपणाचा वेग हाती येतो. या पद्धतीने एक अनपेक्षित गोष्टही उघड झाली. डेन्मार्कच्या आरहूस उपसागरात, जिथे सल्फेट जवळपास संपून मिथेनचा थर सुरू होतो त्याच्याही खाली, सल्फेटचे क्षपण चालू असल्याचे 2011 मध्ये दिसले. गाडलेल्या लोहसंयुगांमुळे सल्फाइडचे ऑक्सिडीकरण होऊन किंचित सल्फेट तयार होत होते आणि जीवाणू ते लगेच वापरून टाकत होते. शिल्लक शून्याजवळ, पण उलाढाल चालूच. शिल्लक पाहून उलाढालीचा निवाडा करता येत नाही याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण. मात्र गंधक-35 ची मर्यादाही उघड आहे. ते आजच्या काही तासांचा वेग सांगते; दहा हजार किंवा दहा कोटी वर्षांपूर्वी त्याच जागी काय घडले ते सांगू शकत नाही. त्यासाठी किरणोत्सार न करणाऱ्या, म्हणजे स्थिर, समस्थानिकांकडे वळावे लागते.

गंधकाचे स्थिर समस्थानिक चार आहेत. सुमारे 95 टक्के गंधक-32, सव्वाचार टक्क्यांच्या आसपास गंधक-34, पाऊण टक्का गंधक-33 आणि अगदी नगण्य गंधक-36. मोजमापासाठी एक प्रमाणद्रव्य ठरलेले आहे. पूर्वी ते अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात सापडलेल्या कॅन्यन डायब्लो उल्केतले लोहसल्फाइड होते. आता व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने पुरवलेल्या सिल्व्हर सल्फाइडवरून ते निश्चित होते. नमुन्यातील गंधक-34 आणि गंधक-32 यांचे गुणोत्तर या प्रमाणद्रव्यापेक्षा हजारी किती जास्त वा कमी आहे, तो आकडा म्हणजे त्या नमुन्याची समस्थानिक ओळख. आजच्या समुद्रातील सल्फेटसाठी हा आकडा हजारी अधिक 21 आहे, आणि अरबी समुद्र असो की अटलांटिक, तो जवळपास सारखाच येतो. जीवाणू सल्फेट वापरतात तेव्हा हलक्या गंधक-32 चे बंध थोड्या कमी ऊर्जेत तुटतात, म्हणून तयार होणाऱ्या सल्फाइडमध्ये हलका गंधक जास्त जातो आणि मागे उरलेले सल्फेट जड होत जाते. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात हॅरी थोड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1950 च्या सुमारास ही तफावत अभ्यासायला सुरुवात केली आणि निसर्गातील गंधकाच्या समस्थानिकांचे शास्त्र तिथून उभे राहिले.

आता या आकड्यातली मुख्य अडचण बघू, कारण पुढचा सगळा वाद तिच्याभोवती फिरतो. समजा, जीवाणू सल्फेट आणि सल्फाइड यांच्यात हजारी 40 ची तफावत पाडतात. गाळ वरच्या पाण्याशी पूर्ण मोकळा असेल, म्हणजे जितके सल्फेट वापरले जाते तितके वरून झिरपत येत असेल, तर सल्फाइडचा आकडा उणे 19 च्या आसपास राहील. पण गाळ बंदिस्त असेल तर चित्र बदलते. निम्मे सल्फेट संपेपर्यंत उरलेल्या सल्फेटचा आकडा अधिक 50 पर्यंत चढलेला असतो आणि तोपर्यंत साठलेल्या सल्फाइडचा सरासरी आकडा उणे 8 झालेला असतो. सगळे सल्फेट संपले की साठलेल्या सल्फाइडचा आकडा थेट अधिक 21 येतो, म्हणजे सुरुवातीच्या सल्फेटइतकाच. जीवाणूंनी पाडलेल्या तफावतीचा मागमूसही त्यात राहत नाही. म्हणून पायराइटमध्ये उणे 8 हा आकडा मिळाला तर त्याचे दोन अर्थ संभवतात: जीवाणूंनी मोकळ्या गाळात तफावतच कमी पाडली, किंवा तफावत मोठी होती पण गाळ बंदिस्त होता. या आकड्यात जीवाणूंचे शरीरशास्त्र आणि गाळाचे भौतिकशास्त्र एकमेकांत मिसळून येतात. ही गुंतागुंत नीट न सोडवता काढलेले निष्कर्ष किती डळमळीत ठरू शकतात, हे या क्षेत्राच्या गेल्या तीस-चाळीस वर्षांच्या इतिहासातच दिसते.

प्रयोगशाळेत वाढवलेल्या जीवाणूंनी पाडलेली तफावत बराच काळ हजारी 46 च्या वर जाताना दिसली नव्हती. समुद्राच्या गाळात मात्र सल्फेट आणि पायराइट यांच्यातले अंतर अनेक ठिकाणी 50 ते 70 भरत होते. मग हे जास्तीचे अंतर कुठून येते? डोनाल्ड कॅनफिल्ड आणि बो थाम्ड्रुप यांनी 1994 मध्ये त्यावर एक नेमके उत्तर मांडले. गाळातले काही जीवाणू मूलद्रव्यी गंधकाचे एकाच वेळी सल्फाइड आणि सल्फेट असे दोन भाग करतात आणि त्यातला सल्फाइड आणखी हलका होतो. सल्फाइडचे ऑक्सिडीकरण होऊन गंधक बनावा, त्याचे पुन्हा असे विभाजन व्हावे, ही फेरी वारंवार झाली की अंतर वाढत जाते. या फेरीला ऑक्सिडीकारक लागतो, म्हणून दोन वर्षांनी कॅनफिल्ड आणि आंद्रेयास टेस्के यांनी पुढचे पाऊल टाकले. प्राचीन खडकांतले हे अंतर 46 च्या पुढे केव्हा गेले ते पाहून त्यांनी निष्कर्ष काढला की, सुमारे 105 ते 64 कोटी वर्षांपूर्वी वातावरणातील प्राणवायू बराच वाढला होता. युक्तिवाद देखणा होता आणि प्राण्यांच्या उदयाशी त्याचा मेळही बसत होता. पण तो एका गृहीतकावर उभा होता: एकट्या सल्फेट-क्षपणातून 46 पेक्षा मोठी तफावत येऊच शकत नाही.

हे गृहीतक टिकले नाही. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडील ग्रेट ऑस्ट्रेलियन बाइट या समुद्रात खोदलेल्या एका छिद्रातील गाळाचा अभ्यास उलरिश वोर्टमान आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये प्रसिद्ध केला. तिथे ऑक्सिडीकारकांपासून दूर, खोल गाळात, हजारी 72 पर्यंतची तफावत आढळली. टीकाकारांना अजून म्हणता येत होते की, निसर्गातल्या गाळात नजरेआड दुसरी एखादी क्रिया चालू असेल. दहा वर्षांनी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील मिन सब सिम, तान्या बोसाक आणि शुहेई ओनो यांनी समुद्री गाळातून वेगळ्या केलेल्या एकाच जातीचा जीवाणू शुद्ध स्वरूपात, सावकाश वाढवून हजारी 66 पर्यंतची तफावत दाखवली आणि ही पळवाटही बंद केली. यामागचे कारण पेशीच्या आत आहे. सल्फेट पेशीत शिरते, एटीपीच्या मदतीने सक्रिय होते, त्याचे सल्फाइट होते आणि मग सल्फाइड. यातले बहुतेक टप्पे उलट दिशेनेही चालतात. जीवाणूला अन्न भरपूर असेल आणि काम वेगात चालले असेल, तर उलटी वाहतूक कमी आणि तफावतही कमी. अन्न तुटपुंजे असेल तर रेणू पुढे-मागे अनेक वेळा ये-जा करतात आणि तफावत रासायनिक समतोलाच्या मर्यादेजवळ, म्हणजे समुद्रतळाच्या तापमानाला हजारी 70 च्या आसपास पोचते. प्रयोगशाळेतले जीवाणू पोटभर खाऊन झपाट्याने वाढत होते. समुद्रतळावरचे अत्यंत मंद गतीने जगतात. जुन्या प्रयोगांचे आकडे चुकीचे नव्हते, ते समुद्रतळाला लावणे चुकीचे होते.

इथे एक रास्त आक्षेप घेता येतो. एकच आकडा मंद क्षपणातून येऊ शकतो, गंधकाच्या विभाजनातून येऊ शकतो आणि गाळाच्या बंदिस्तपणानेही बदलू शकतो, तर मग या आकड्याला किंमत ती काय? उत्तर असे की, आकडा एकटा असेल तर फारशी नाही. पण त्याला सोबत देणारे स्वतंत्र पुरावे आज उपलब्ध आहेत. पहिला पुरावा गंधक-33 चा. मंद क्षपण आणि विभाजन यांतून गंधक-34 चा आकडा सारखा आला, तरी गंधक-33 चे त्याच्याशी असलेले नाते किंचित वेगळे पडते. हा फरक हजारी एकाहूनही कमी असतो, पण अचूक यंत्रांवर मोजता येतो. डेव्हिड जॉन्स्टन आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये याच मार्गाने सुमारे 130 कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रात गंधकाचे विभाजन करणारे जीवाणू सक्रिय असल्याचा पुरावा दिला. दुसरा पुरावा सल्फेटमधल्या प्राणवायूचा. समुद्राच्या नेहमीच्या परिस्थितीत सल्फेट आपला प्राणवायू पाण्याशी आपणहून बदलत नाही. पेशीत शिरून सल्फाइट होऊन परतलेला रेणू मात्र बदललेला प्राणवायू घेऊन येतो. म्हणून गाळातल्या सल्फेटच्या प्राणवायूवरून पेशीच्या आतल्या उलट्या वाहतुकीचा अंदाज बांधता येतो. तिसरा पुरावा गाळातील पाण्याच्या खोलीनुसार घेतलेल्या मोजमापांचा. सल्फेट किती झपाट्याने कमी होते आणि त्याच वेळी किती जड होत जाते, हे विसरणाच्या गणिताबरोबर ताडून पाहिले की मोकळेपणा आणि तफावत वेगळे काढता येतात. चौथा पुरावा पायराइटच्या एकेका कणाचा. पूर्वी मूठभर गाळातला सगळा पायराइट एकत्र विरघळवून सरासरी काढत. आता आयनांच्या बारीक झोताने काही मायक्रोमीटरच्या कणावर मोजमाप करता येते. लवकर घडलेला कण आणि उशिरा घडलेला कण यांचे आकडे वेगळे आले की सरासरीने झाकलेला इतिहास उलगडतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो पृथ्वीच्या इतिहासाच्या वाचनालाच हात घालतो. पायराइट गाडला जाणे ही वातावरणात प्राणवायू टिकून राहण्यामागची एक मोठी क्रिया आहे, म्हणून प्राचीन पायराइटचे आकडे साऱ्या जगाच्या गंधकचक्राची नोंद समजून वाचण्याची प्रथा पडली. पण स्थानिक गाळाची परिस्थिती त्या आकड्यावर इतकी हावी असेल, तर तो जगाबद्दल काय सांगणार? भूमध्य समुद्रातील गल्फ ऑफ लायन्सच्या गेल्या 5 लाख वर्षांच्या गाळाचा अभ्यास व्हिर्जिल पास्किए आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केला. तिथल्या पायराइटचे आकडे हिमयुगे आणि मधले उबदार काळ यांच्या तालावर हजारी सत्तरहून अधिक खालीवर झाले होते. समुद्रातील सल्फेटचा साठा इतका प्रचंड आहे की त्यातला अणू सरासरी एक कोटी वर्षांहून जास्त काळ तिथे राहतो. एक लाख वर्षांच्या अंतराने त्याचा आकडा एवढा हलणे शक्यच नाही. म्हणजे बदल जगाचा नव्हता, त्या जागेचा होता: समुद्रपातळी बदलली, गाळ साठण्याचा वेग बदलला, त्यासोबत जीवाणूंचे जीवन बदलले. हा आक्षेप मान्यच केला पाहिजे. मात्र त्यातून आकडा निरुपयोगी ठरत नाही. त्याचा खरा विषय कोणता ते कळते. जगाच्या सल्फेटची नोंद हवी असेल तर ती थेट समुद्राच्या पाण्यातून घडलेल्या बराइटमध्ये आणि मिठागरी खनिजांत शोधावी. पायराइटमध्ये त्या जागच्या समुद्रतळाची हकिकत शोधावी.

अशी स्थानिक हकिकत किती उपयोगी पडते, याचे उदाहरण आपल्याच समुद्रात आहे. 2006 साली भारताच्या राष्ट्रीय वायुहायड्रेट कार्यक्रमाने 'जॉइडिस रेझोल्यूशन' या जहाजावरून केलेल्या खोदकामात बंगालच्या उपसागरातील कृष्णा-गोदावरी खोऱ्यात मिथेन हायड्रेटचे जाड थर मिळाले. अशा ठिकाणी खालून मिथेन आणि वरून सल्फेट येऊन जिथे भेटतात, तिथे सूक्ष्मजीव दोघांनाही संपवतात. उरलेसुरले जड सल्फेटही तिथे पूर्ण वापरले जात असल्याने त्या पातळीवर बनणारा पायराइट विलक्षण जड असतो. मिथेनचा ओघ वाढला की ही पातळी वर सरकते, घटला की खाली जाते, आणि जड पायराइटचे थर मागे राहतात. गोव्यातील दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी या खोऱ्यातील गाळात अशा थरांवरून मिथेनच्या जुन्या ओघांचा माग काढला. जड पायराइट नुसत्या वेगवान गाळभरणीमुळेही घडू शकतो, ही शंका इथेही येतेच. म्हणून त्यांनी गंधकाच्या जोडीला कार्बन आणि मॉलिब्डेनम यांचेही पुरावे तपासले. याच संस्थेने भारताच्या पश्चिम किनारी उथळ समुद्राचाही दीर्घकाळ पाठपुरावा केला आहे. तिथे पावसाळ्यानंतर, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, तळाजवळच्या पाण्यातला प्राणवायू आणि नायट्रेट संपून हायड्रोजन सल्फाइड आढळतो. मासेमारीवर जगणाऱ्या किनाऱ्यासाठी हा जगण्यामरण्याचा प्रश्न आहे. पाण्यात आढळलेला सल्फाइड ही शिल्लक झाली; गाळ किती सल्फाइड तयार करतो आणि त्यातला किती अडवतो, हे कळायला उलाढाल मोजावी लागते.

समस्थानिकांनी ठाम निकाल दिला आहे तो कुठे, हेही पाहण्यासारखे आहे. जेम्स फारक्वार, हुइमिंग बाओ आणि मार्क थीमेन्स यांनी 2000 साली दाखवले की, सुमारे 240 कोटी वर्षांपेक्षा जुन्या खडकांत गंधक-33 चे प्रमाण वस्तुमानाच्या नेहमीच्या नियमात बसत नाही आणि त्यानंतरच्या खडकांत बसते. अशी विसंगती गाळातल्या जीवाणूंना घडवता येत नाही. ती प्राणवायूविरहित वातावरणात अतिनील किरणांमुळे घडते आणि टिकते. हा निष्कर्ष आजवर टिकला, कारण गाळाचा बंदिस्तपणा किंवा जीवाणूंचा वेग यांपैकी कशानेही तो आकडा उभा करता येत नाही. कॅनफिल्ड आणि टेस्के यांचा 1996 चा युक्तिवाद डळमळला, कारण त्याच आकड्याला दुसरा मार्ग मोकळा होता. दोन्हीकडे मोजमाप उत्तम होते, दोन्हीकडे विद्वत्ता मोठी होती. फरक पर्यायी मार्ग बंद करण्यात होता.

म्हणून प्राचीन समुद्र, प्राणवायूचा उदय किंवा मिथेनचे उद्रेक यांबद्दल केवळ पायराइटच्या एका आकड्यावर उभा असलेला दावा वाचकाच्या समोर आला, तर त्याने तीन गोष्टी विचाराव्यात: गाळ किती मोकळा होता हे कशावरून ठरवले, जीवाणूंच्या कामाचा वेग कशावरून धरला, आणि गंधक-34 शिवाय दुसरा कोणता स्वतंत्र पुरावा दिला आहे. या तिन्हींची उत्तरे मिळाली तर तो दावा गांभीर्याने घ्यावा. न मिळाली, तर तो दावा अजून अर्धवट आहे असे समजावे, मग तो कितीही मोठ्या नियतकालिकात छापलेला असो.